हात कुणाचा, गाल कुणाचा

पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत गेल्या वर्षी पहिली-दुसरीच्या पालकांची सभा होती आणि मुलगा-सून दोघेही कामावर असल्याने तिला मी गेलो होतो. बालसुरक्षेवर बोलायला आलेल्या बाईंनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे ‘गुड टच’ आणि उजवीकडे ‘बॅड टच’ असे देवनागरीत लिहिले आणि मुलांना घरी कोणती उदाहरणे द्यायची ते त्या सांगू लागल्या. शाबासकी डावीकडे गेली, पाठ थोपटणे डावीकडे गेले, डॉक्टरांनी आईसमोर तपासणे डावीकडे गेले. मागच्या बाकावर बसलेल्या एका नऊवारीतल्या आजींनी तेव्हा हात वर करून विचारले, “बाई, आणि कुरवाळणं कुठं लिहायचं?” सभेत हशा पिकला. बाईही हसल्या, “आजी, तुमचं डावीकडंच,” असे म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांना उत्तर हवे होते, आणि मला वाटते, त्या तासाभरात विचारला गेलेला तो एकच प्रश्न विचार करण्याजोगा होता.

वरवर पाहता तो एका शब्दाविषयीचा प्रश्न आहे. मराठीत मायेच्या स्पर्शासाठी कुरवाळणे, गोंजारणे, थोपटणे, चुचकारणे असे चांगले चार-सहा शब्द आहेत आणि त्यांतला एकही दुसऱ्याची नक्कल नाही. तरीही मुलांना स्पर्श समजावून सांगायची वेळ आली की आपण फळ्यावर इंग्रजी लिहितो आणि आपले शब्द राजकीय अग्रलेखांत शिवीसारखे वापरायला मोकळे सोडतो. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे, असे माझे म्हणणे आहे. स्पर्शाचे वर्णन आपण नेहमी हात लावणाऱ्याच्या बाजूने करतो. ज्याला हात लागतो त्याच्या बाजूने जवळजवळ कधीच करत नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ‘कुरवाळणे’ हे सकर्मक क्रियापद आहे आणि आपले सारे लक्ष त्याच्या कर्त्याकडे आहे.

आधी शब्दाकडेच नीट पाहू. कुरवाळणे म्हणजे नुसता हात फिरवणे नव्हे. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात आपण कापडावरूनही हात फिरवतो, त्याला कुणी कुरवाळणे म्हणत नाही. कुरवाळताना तळवा उघडा असतो, बोटे सैल असतात, हात कपाळावरून मागे किंवा गालावरून खाली जातो आणि वाटेत कुठेही मिटत नाही. बोटे मिटली की दुसरे क्रियापद सुरू होते. गाल चिमटीत धरला की तो गालगुच्चा, दोन्ही हातांनी गच्च धरले की ते कवटाळणे, पोटऱ्यांवर दाब दिला की ते पाय चेपणे. यांतले काही प्रेमाचे आहे, काही सेवेचे. पण कुरवाळण्यात जी एक गोष्ट आहे ती या तिघांतही नाही. ज्याला कुरवाळले जात आहे तो कोणत्याही क्षणी मान बाजूला करू शकतो. त्या हाताला पकडच नसते. या शब्दातली माया मला आधी या सैलपणात दिसते, उबेत नंतर.

माझी आजी कुरवाळायची तेव्हा दोन्ही तळवे आमच्या गालांवरून हनुवटीपर्यंत आणायची आणि मग स्वतःच्या कानशिलांवर बोटे टेकवून ती कडाकडा मोडायची. आमच्यावरची इडापिडा तिने स्वतःकडे ओढून घेतली, अलाबला घेतली, असा त्याचा अर्थ. (हीच आजी वाड्यातल्या एका शेजारणीच्या नावानेही बोटे मोडायची, आणि एकाच आवाजाचे हे दोन अर्थ आम्हा मुलांना कधी गोंधळात टाकत नसत, बोटे मोडण्याआधी हात कुठे होते ते आम्ही पाहिलेले असे.) गोंजारणे हा शब्द गोठ्याच्या अधिक जवळचा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला, जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतात आणि त्यावर हळद व लोणी किंवा तूप चोळतात. त्या वेळी शेतकऱ्याचा दुसरा हात बैलाच्या गळ्याखालच्या पोळीवरून फिरत असतो, तो गोंजारणारा हात. थोपटण्यात ताल आहे आणि ताल लागला की मूल झोपते. चुचकारण्यात हातापेक्षा जिभेचा आवाज अधिक असतो आणि ते बुजलेल्या जनावराला लागते किंवा रुसलेल्या माणसाला. ज्या भाषेने एवढे बारकावे वेगवेगळे करून ठेवले, तिच्या शाळेत स्पर्शाचे दोनच प्रकार शिकवले जावेत, आणि तेही उसने, याची खंत केवळ भाषाभिमानाची नाही. दोन खणांच्या फळ्यावर मुलाला जे सांगता येत नाही, ते मूल सांगतही नाही.

या सैल, संथ हाताला शरीरशास्त्रातही जागा आहे. माणसाच्या त्वचेवर जिथे लव असते तिथे काही मज्जातंतू असे आहेत, की सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर एवढ्या हळू फिरणाऱ्या हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि तो हात अंगाइतकाच कोमट असेल तर विशेष. हात भराभर फिरवला की त्यांचा प्रतिसाद उतरतो. म्हणजे आजीचा हात आणि कापड पारखणारा हात यांतला फरक त्वचेलाही कळतो. कमी वजनाच्या नवजात बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, ती मुख्यतः उबेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केली, तर मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते, असे त्यात दिसले. तेव्हा मायेचा स्पर्श हा हळव्यांचा विषय आहे असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही.

आता याच शब्दाचे सार्वजनिक आयुष्य पाहावे. महापालिकेपासून लोकसभेपर्यंत कोणतीही निवडणूक आली की ‘अमक्या समाजाला कुरवाळण्याचे राजकारण’, ‘मतपेढी गोंजारणे’, ‘अस्मिता कुरवाळणे’ हे प्रयोग सर्व रंगांच्या लेखण्यांतून उतरू लागतात. कोण कुणाला कुरवाळतो हे लिहिणाऱ्याच्या बाजूवर अवलंबून असते, शब्द तोच राहतो. ‘दुःख कुरवाळत बसणे’ हाही त्याच घरातला प्रयोग. त्यात तर ज्याला दुःख झाले त्यालाच दटावलेले असते.

भाषेत शब्द असे सरकतच असतात, ही लक्षणा आहे, असे यावर कुणी म्हणेल. ‘स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेणे’ यातही थोपटण्याची टिंगल आहे, म्हणून थोपटण्याचे काही बिघडले आहे का, असेही विचारील. ते खरे आहे. माझा आक्षेप टिंगलीला नसून ती कुणाच्या अंगावर पडते याला आहे. पाठ थोपटून घेण्यात टिंगल कर्त्याची होते आणि तिथेच थांबते. कुरवाळण्याचे तसे होत नाही. अशा राजकीय मजकुरात त्याच्या जोडीला ‘लांगूलचालन’ हा शब्द बिनदिक्कत समानार्थी म्हणून येतो. पण लांगूल म्हणजे शेपूट आणि चालन म्हणजे हलवणे. मतांसाठी पुढारी शेपूट हलवतो असे म्हटले, की पुढारी कुत्रा होतो आणि मतदार धनी. ‘कुरवाळतो’ म्हटले की चित्र नेमके उलटे होते: पुढारी धनी, आणि तो अख्खा समाज त्याच्या मांडीवरचे मांजर. वाक्य सुरू होते पुढाऱ्यावर टीका करायला आणि पाणउतारा होतो तो कर्माच्या जागी बसलेल्या माणसांचा, ज्यांनी बहुधा पाणी, रस्ता, शाळा किंवा शिष्यवृत्ती एवढेच मागितलेले असते. ज्याला पुढाऱ्यावर टीका करायची आहे त्याने लांगूलचालन म्हणावे. शब्द जड आहे, पण नेम बरोबर आहे.

हे पुण्यात तर अधिकच जपून लिहायला हवे, कारण स्पर्श ही या शहरात कधी खासगी बाब नव्हती. ‘शिवणे’ या एका क्रियापदावर इथले पाणवठे आणि देवळांच्या पायऱ्या वाटल्या गेल्या होत्या. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुला केला. त्यानंतर साठ वर्षांनीही, १९२९ मध्ये, पर्वतीवरच्या देवळात प्रवेश मागणाऱ्या सत्याग्रहींवर दगड पडले. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. देशाच्या मूलभूत कायद्यात स्पर्शाला नकार देण्याविरुद्ध एक स्वतंत्र कलम घालावे लागले, एवढा तो नकार मुरलेला होता. ज्यांच्या पूर्वजांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांना मिळालेल्या हक्काला ‘कुरवाळणे’ म्हणताना त्या शब्दातली क्रूर विसंगती लिहिणाऱ्याला जाणवत नाही, कारण त्याच्या लेखी तो एक चपखल क्रियापद वापरत असतो.

शिवणे हे क्रियापदही मोठे लहरी आहे. घरातल्या बाईला पाळी आली की तिला ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस कोपऱ्यात बसवत. आणि त्याच घरातली माणसे दहाव्याला ओंकारेश्वरापाशी पिंड मांडून, कावळा शिवावा म्हणून हात जोडून आकाशाकडे पाहत उभी राहत. कावळा तोच आणि शिवणेही तेच. ते हवे की नको हे ठरवणारे मात्र दोन्ही वेळा तेच होते, आणि कोपऱ्यात बसलेल्या बाईला कुणी विचारले नव्हते.

याच पेठांत वर्षातून एकदा निराळा स्पर्शही पाहायला मिळतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या आणि तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात मुक्कामाला असते, आणि आसपासच्या मांडवांत वारकऱ्यांचे पाय चेपून देणारी माणसे बसलेली असतात. “माउली, पाय द्या,” असे म्हणून मगच ते पायाला हात लावतात. वारकरी एकमेकांना भेटतात तेव्हा दोघेही एकाच वेळी वाकतात आणि एकमेकांच्या पायांना हात लावतात. हात वरून आला की खालून, असा प्रश्न तिथे उरत नाही. फुल्यांचा हौद तिथून हाकेच्या अंतरावर आहे. वारीचे गोडवे गाणाऱ्यांना हे अंतर नेहमी दिसतेच असे नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता पुन्हा शाळेच्या फळ्याकडे. आजींच्या प्रश्नाला बाईंनी दिलेले ‘डावीकडंच’ हे उत्तर चुकीचे होते असे मी म्हणत नाही, अर्धे होते असे म्हणतो. आणि त्याचा पुरावा पंधरा मिनिटांनी शाळेच्या फाटकाशी मिळाला. आजींनी बाहेर आलेल्या नातवाच्या चेहऱ्याकडे हात नेला आणि त्याने झटकन मान बाजूला केली, कारण त्याचे मित्र बघत होते. आजींचा हात क्षणभर हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली आणला, त्याच्या पाठीवरचे दप्तर उतरवून स्वतःच्या खांद्याला लावले आणि दोघे रिक्षाच्या दिशेने चालू लागले. फळ्यावरच्या दोन खणांत हा प्रसंग कुठेच बसत नाही. हात मायेचा होता, हेतू निर्मळ होता, आणि तरीही त्या क्षणी तो स्पर्श त्या मुलाला नको होता. आजींना ते कळले आणि त्यांनी ते ऐकले.

सगळ्याच घरांत ते ऐकले जात नाही. मंगल कार्यालयात एखाद्या मुंजीला जाऊन पाहावे. पाच वर्षांच्या मुलीचा गालगुच्चा घ्यायला रांग लागलेली असते, आणि ती आईच्या पदराआड गेली की “लाजतेय” म्हणून हसतात, तिने हात झटकला की “शिष्ट झालीय हो” म्हणतात. “अगं, आजोबा आहेत, पापा दे त्यांना,” असा हुकूम सुटतो आणि मूल मुकाट्याने तो पाळते. या मुलीला आपण दोन गोष्टी एकदम शिकवत असतो: शाळेत सांगतो की नकोशा स्पर्शाला मोठ्याने ‘नाही’ म्हण, आणि घरी दाखवतो की तुझ्या ‘नाही’ला चारचौघांत काही किंमत नाही. ही सक्ती करणारी माणसे प्रेमळ असतात, हे मला मान्य आहे. पुढे कधी एखादा माणूस तिच्याशी लगट करू लागला, तर तोही बहुधा ओळखीचा आणि प्रेमळ म्हणूनच घरात आलेला असेल, आणि तिला आठवणारा धडा घरचा असेल.

म्हणून माझी सूचना शब्दांपासून सुरू होते. ‘चांगला’ आणि ‘वाईट’ ही विशेषणे स्पर्शावर बाहेरून लावलेली आहेत. ती कोण लावतो हे त्या शब्दांत दिसत नाही, आणि जे वाईट ते आपल्या बाबतीत घडले म्हणजे आपणही वाईट, असा हिशेब मुलाच्या मनात सहज जमतो. मराठीजवळ याहून चांगली जोडी आहे: हवासा आणि नकोसा. या दोन्ही शब्दांत ज्याला हात लागतो त्याचे मन आधीच बसलेले आहे. ‘नकोसा स्पर्श’ म्हणताना मुलाला हात लावणाऱ्याचा न्याय करावा लागत नाही, त्याने फक्त स्वतःचे सांगायचे असते. काकांचा गालगुच्चा नकोसा असू शकतो आणि तरी काका वाईट नसतात. हे वाक्य ‘बॅड टच’च्या भाषेत बोलताच येत नाही, आणि ते बोलता येत नाही म्हणूनच मुले गप्प राहतात.

या सूचनेवर एक आक्षेप गंभीर आहे. लहान मुलाचे शोषण करणारा माणूस अनेकदा घाईने हात लावत नाही. तो आधी खाऊ देतो, लाड करतो, कुरवाळतोही, आणि स्पर्श हवासा वाटावा अशी व्यवस्था करतो. मग हवेसे-नकोसे हा निकष मुलाला वाचवणार कसा? एकटा नाही वाचवणार. कायद्यानेही तो एकटा पुरेसा मानलेला नाही: १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, अठरा वर्षांखालच्या व्यक्तीची संमती ग्राह्य धरत नाही. तेव्हा मुलाला दोन गोष्टी आणखी शिकवाव्या लागतात. एक म्हणजे शरीराच्या कोणत्या भागांना कुणीच, हवेसे वाटले तरीही, हात लावायचा नाही. ‘शूची जागा’ हे घरगुती शब्दही त्यासाठी चालतील, पण ते दबक्या आवाजात नव्हे, ‘कोपर’ म्हणावे तसे म्हणता आले पाहिजेत. दुसरी म्हणजे, “कुणाला सांगू नकोस” असे म्हणून केलेला लाड हा लाड नव्हे. आजीचे कुरवाळणे भर ओसरीवर होते. ते लपवावे लागत नाही, हाही त्या शब्दाचा अर्थच आहे आणि तो मुलाला समजावून सांगता येतो.

हेतूचा प्रश्न राहतो, आणि तिथेही मराठी आपल्याला वाटते त्याहून सज्ज आहे. पोक्सोच्या सातव्या कलमात लैंगिक हेतूने केलेला स्पर्श, तसेच लैंगिक हेतूने शारीरिक संपर्क आणणारी इतर कृती, हा गुन्हा आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात असा अर्थ लावला, की कपड्यावरून हात लावला असेल आणि त्वचेला त्वचा लागलेली नसेल तर हे कलम लागू होत नाही. त्यावर देशभर काहूर उठले. याप्रमाणे उद्या कुणी शस्त्रक्रियेचे हातमोजे घालून मुलाशी काहीही करील आणि सुटेल, असे देशाच्या महान्यायवाद्यांनी (अ‍ॅटर्नी जनरल) सर्वोच्च न्यायालयात सांगितले. आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून स्पष्ट केले की कलमाचा गाभा लैंगिक हेतू हा आहे, त्वचेचा त्वचेशी संबंध नव्हे. निकाल योग्यच होता. पण तो वाचताना मला आमच्या वाड्यातली पोरे आठवली. “मी हात लावला नाही, लागला,” हे वाक्य भांडणात तीन वर्षांचे मूलही म्हणते, आणि समोरचे तेवढेच मूल “नाही, लावलास!” असे ठणकावते. एका अक्षराच्या फरकात मराठीने हेतू असलेला आणि नसलेला स्पर्श वेगळा करून ठेवला आहे. पीएमपी बसच्या गर्दीत ‘हात लागला’ आणि ‘हात लावला’ यांतला भेद कोणत्याही पुणेकर मुलीला शिकवावा लागत नाही. तिने ‘लावला’ म्हटल्यावर आजूबाजूच्यांनी ‘अहो, लागला असेल’ असे म्हणू नये, एवढेच त्यांना शिकवायचे आहे.

बातम्यांच्या भाषेकडेही या नजरेने पाहायला हवे. मुलावर झालेल्या अत्याचाराला ‘अश्लील चाळे’ म्हणतात. चाळे माकड करते, चाळे व्रात्य पोर करते. त्या शब्दात गुन्हेगाराला खोडकर ठरवण्याची सोय आहे. ‘विनयभंग’ या शब्दात भंग होतो तो बाईच्या विनयाचा, म्हणजे जे मोडले तेही तिचेच, आणि ज्याने मोडले तो वाक्यात नाही. पुन्हा तीच गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतला, लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघडकीस आल्यावर राज्यभर संताप झाला, शाळाशाळांतून कॅमेरे आणि समित्यांची चर्चा झाली, ती आवश्यकच होती. परंतु मुलीने घरी काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हा प्रश्न त्या चर्चेत मला फारसा ऐकू आला नाही.

त्या संतापाचा एक परिणाम शाळांत असा झालेला दिसतो, की शिक्षकांनी हातच आखडून घेतले आहेत. पटांगणात गुडघा फोडून रडणाऱ्या पहिलीतल्या मुलाला उचलून घ्यावे की नाही, याचा विचार एक तरुण शिक्षक चार पावले अलीकडे उभा राहून करत असतो. त्याची भीती समजण्यासारखी आहे. पण स्पर्शच नको हा नियम मुलाला सुरक्षित ठेवतो असे मला वाटत नाही. मायेचा उघडा हात ज्याने कधी अनुभवला नाही त्याला मिटलेला हात ओळखायला कशाच्या आधाराने येणार? त्या शिक्षकाने एवढेच करावे, की सगळ्यांसमोर, मुलाच्या उंचीला बसून विचारावे, “उचलू का रे तुला?” मूल नको म्हणाले तर नुसते शेजारी बसावे.

आणि हे फक्त मुलांपुरते नाही. मुले अमेरिकेत आणि आई-वडील कोथरूडला, हे चित्र पुण्यात आता इतके जुने झाले आहे की त्याची कुणी बातमी करत नाही. त्या घरांतल्या वृद्धांना जेवण वेळेवर मिळते, औषधे मिळतात, पडद्यावर नातवंडे दिसतात; त्यांच्या अंगाला मायेने हात मात्र महिनोन्‌महिने कुणाचा लागत नाही, आणि लागतो तेव्हा तो रक्तदाब मोजायला. माझ्या आईच्या अखेरच्या वर्षात आम्ही सगळे पुण्यातच होतो, तरी तिला उठवताना, कूस बदलताना, अंग पुसताना आम्ही मुले-सुना तिच्याशी काही न बोलता, एकमेकांना सूचना देत हात लावत असू. “तिकडून धर,” “खांदा उचल,” असे. ती अंग चोरायची आणि आम्हाला वाटायचे की तिला दुखते आहे. मग ब्यूरोतून एक मावशी आल्या. त्यांचा स्पर्श दिवसाच्या दराने ठरलेला होता, त्यात नात्याचा काही संबंध नव्हता. पहिल्या सकाळी त्या कोमट पाण्याची बादली घेऊन पलंगाशी उभ्या राहिल्या, पदराला हात कोरडे केले आणि म्हणाल्या, “आजी, हात लावू का?” आईने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिले, थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, “लाव की गं.” पुढे आठ महिने त्या रोज विचारत राहिल्या, आणि आईही “रोज काय विचारतेस,” असे कुरकुरत रोज उत्तर देत राहिली.